कल्ले, सूप आणि उजवी सोंड

मी वरळीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला मराठी शिकवते. गेल्या शैक्षणिक वर्षात माझ्या वर्गातील ४२ मुलांनी स्वतःच्या कल्पनेतले प्राणी तयार केले, त्यांची चित्रे काढली, वर्णने लिहिली आणि त्यांतली फक्त वर्णने गोरेगावला, आरे वसाहतीजवळच्या एका शाळेतील सहावीच्या मुलांकडे पाठवली. तिकडच्या मुलांनी मूळ चित्र न पाहता, केवळ वाचून तो प्राणी काढायचा आणि तिकडून आलेल्या वर्णनांवरून आमच्या मुलांनी त्यांचे प्राणी काढायचे, असा हा व्यवहार होता. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे वर्णन कुठे पोचले आणि कुठे अडले हे मुलांना न सांगता कळेल, एवढीच माझी अपेक्षा होती. सहा-सात आठवड्यांत संपेल असे वाटलेले हे काम जुलैत सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालले, आणि त्यातल्या निम्म्या अडचणी माझ्याच सूचनांमुळे निर्माण झाल्या होत्या.

या खटाटोपाचे मूळ निबंधाच्या वह्यांमध्ये होते. ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर आलेल्या वह्या तपासताना ‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे, त्याला चार पाय, दोन डोळे व एक शेपूट असते’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले होते की लाल पेन आपोआप बरोबरची खूण करून पुढे जात असे. त्यात मुलांचा दोष नाही. कुत्र्याला चार पाय असतात हे लिहिणाऱ्याला ठाऊक, वाचणाऱ्याला ठाऊक, मग त्या वाक्याने करायचे तरी काय? जो प्राणी वाचणाऱ्याने कधी पाहिलेलाच नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही, त्याचे वर्णन करायला लावले तरच पायांची संख्या लिहिण्याला काही अर्थ येईल, असे मला वाटले. माझी डी.एड.च्या काळातली मैत्रीण गोरेगावच्या त्या शाळेत शिकवते. मी बोरिवलीला राहत असल्यामुळे संध्याकाळी परतताना गोरेगावला उतरून पुलावर पाकिटांची देवाणघेवाण करणे सोयीचे होते. टपाल आणि ई-मेल हे दोन्ही मार्ग आम्ही विचारात घेऊन सोडून दिले. हाताने लिहिलेला कागद हातात पडण्याची मजा आम्हा दोघींनाही हवी होती.

पहिला तास साफ फसला. मी फळ्यावर ‘कोणताही काल्पनिक प्राणी काढा’ असे लिहिले आणि मुलांना पूर्ण मोकळीक दिली. तासाअखेर माझ्यासमोर तीस-एक आग ओकणारे ड्रॅगन, काही डायनोसॉर आणि उरलेली कार्टूनमधली ओळखीची मंडळी जमा झाली. आमचे चित्रकलेचे सर ती चित्रे चाळत म्हणाले, “बाई, मोकळीक दिली की मूल जे हाताला आधी लागते तेच काढते. ह्यांना थोडे अडवा.” सरांनी वर्षानुवर्षे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवली आहेत, त्यामुळे स्थिरचित्र, स्मृतिचित्र आणि संकल्पचित्र यांच्या पलीकडे ते जाणार नाहीत अशी माझी उगीचच समजूत होती. पुढच्या सगळ्या कामात खरी दिशा त्यांनीच दिली.

अडवायचे कसे, हे शोधताना आम्ही जुन्या प्राण्यांकडे गेलो. नरसिंहाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण त्या देहाकडे एका मागणीचे उत्तर म्हणून कुणी पाहिले नव्हते. हिरण्यकशिपूला माणसाकडून मरण नाही आणि पशूकडूनही नाही, घरात नाही आणि बाहेरही नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. एवढ्या अटी मांडल्यावर अर्धा माणूस, अर्धा सिंह, उंबरठा आणि तिन्हीसांजेची वेळ यांशिवाय दुसरा मार्गच उरत नाही, हे मुलांनी फळ्यावर एकेक अट खोडत स्वतः शोधून काढले. मग मी त्यांना ओडिशाच्या पटचित्रांमध्ये दिसणारा नवगुंजर सांगितला. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, तीन पाय तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात. हा प्राणी पाहून अर्जुन धनुष्य उचलतो, पण तो हात दिसताच कृष्णाला ओळखून ते खाली ठेवतो. मुरुडकडे आजोळ असलेल्या एका मुलाला यावरून जंजिऱ्याच्या दरवाजावरचा, पंज्यांत हत्ती धरलेला शरभ आठवला आणि हत्तीला मांजराच्या पिल्लासारखा पकडायचा तर शरभ केवढा असेल, यावर वर्गात बराच वेळ हिशेब चालला.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही बेस्टच्या बसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गेलो. महापालिकेच्या इमारतीजवळ जिथे लोक फोटो काढायला उभे असतात, तिथून मुलांनी ती वास्तू पाहिली. यांतली बरीच मुले त्या स्थानकातून कैक वेळा ये-जा केलेली होती, पण फलाटावरून बाहेर पडणारा माणूस मान वर करत नाही. फाटकाच्या खांबांवर समोरासमोर बसलेले सिंह आणि वाघ सर्वांनी लगेच ओळखले. त्यांतला सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा, हे सांगितल्यावर एकाने ‘मग वाघ जिंकला’ असा निकालही दिला. भिंतींमधून बाहेर डोकावणारी चित्रविचित्र तोंडे मात्र शोधावी लागली. १८७८ साली सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चाललेल्या त्या बांधकामाचे आराखडे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे होते, पण कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता, हे चित्रकलेच्या सरांनी अभिमानाने सांगितले. गॉथिक इमारतींवर अशी तोंडे मुळात कशासाठी असत, तर छपरावरचे पावसाचे पाणी भिंतीला न लागू देता दूर फेकण्यासाठी. आपल्या देवळांत अभिषेकाचे पाणी ज्या गोमुखातून किंवा मकरमुखातून बाहेर पडते, त्याचाच हा लांबचा नातलग. “म्हणजे हा राक्षस नाही, नळ आहे,” असे एक मुलगी म्हणाली, आणि आम्हाला हवी असलेली अट तिने आयती दिली. आमच्या प्रत्येक प्राण्याला काहीतरी काम असलेच पाहिजे, असे ठरले.

दुसरी अट जागेची होती. आपल्या घरापासून पंधरा मिनिटांत चालत पोचता येईल अशी एक खरी जागा निवडायची, तिथे हा प्राणी राहतो असे धरायचे, आणि तिथे त्याला खायला काय मिळेल, लपायला काय आहे, पावसाळ्यात त्याचे काय होते, याचा विचार करून मगच पेन्सिल हातात घ्यायची. तिसरा गृहपाठ मी आणखी एक दिला, आणि तो मला स्वतःला सर्वांत आवडला. घरातील आजी-आजोबांना त्यांच्या गावाकडची भुते विचारून यायचे होते. दुसऱ्या दिवशी फळा भरून गेला. मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा, चकवा, वेताळ, ब्रह्मराक्षस सगळे हजर होते. पण ती काढायला सांगितल्यावर मुले अडखळली, कारण आज्यांनी भुतांचे नियम सांगितले होते, रूप सांगितले नव्हते. मुंजा पिंपळावर असतो, गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा रात्रीच्या वाटसरूला त्याच त्या जागी फिरवत ठेवतो. पण चकव्याला डोळे किती, हे कुणाच्या आजीला सांगता आले नाही. हडळीच्या उलट्या पावलांखेरीज काढता येण्यासारखे हाताला काहीच लागले नाही. नियम असले की प्राणी गोष्टीत चालतो आणि अवयव असले की चित्रात उभा राहतो, म्हणून आपल्याला दोन्ही लागतील, असा आम्ही त्यातून मार्ग काढला.

या अटींनंतर आलेले प्राणी पाहून माझी मला लाज वाटली, इतका पहिल्या तासाशी फरक होता. चाळीत पहाटे पाणी येण्याआधी नळातून जो आवाज येतो, तो करणारा एक ‘नळ्या’ होता. फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत राहून पडलेल्या चपला जोडीने लावून ठेवणारा एक चपटा प्राणी होता. गिरणीच्या जुन्या धुराड्यात राहणारी, काजळी खाऊन पांढरी होत जाणारी एक पक्षीण होती. एका मुलाने आपला प्राणी चाळीच्या गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासात ठेवला, आणि तो इतका मनापासून रंगवला की तिसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. “बाई, ह्याने स्वतःच केलंय आणि आता रात्री एकटा जात नाही. मला उठवतो. तुम्हीच सांगा त्याला काहीतरी,” असे त्या म्हणाल्या. मी त्याला काही समजावले नाही. तुझा प्राणी खातो काय, एवढेच विचारले, कारण ते त्याने लिहिले नव्हते. त्याने विचार करून ‘झुरळे आणि पाली’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात आईंचा निरोप आला की पोरगा आता जातो, पण आत जाण्याआधी बाहेरून ‘आलो हं’ असे सांगून जातो.

चित्रे झाल्यावर वर्णने लिहिण्याचे काम सुरू झाले आणि इथे मुलांचा हात पुन्हा निबंधाच्या वळणावर गेला. ‘भयंकर’, ‘विचित्र’, ‘सुंदर’, ‘अक्राळविक्राळ’ हे शब्द पानोपानी होते. मी ते चुकीचे ठरवले नाहीत. चित्रकलेच्या सरांना वर्गात बोलावले आणि एका मुलाला आपले वर्णन वाचायला सांगितले. सर फळ्यापाशी खडू घेऊन उभे राहिले आणि त्यांनी ठरवूनच ठेवले होते की, ऐकलेले तेवढेच काढायचे. ‘माझा प्राणी खूप भयंकर आहे’ हे वाक्य झाले, सर स्तब्ध. ‘तो दिसायला अतिशय विचित्र आहे’, सर स्तब्ध. ‘त्याला पाहून सगळे घाबरतात’, सरांनी एका कोपऱ्यात घाबरलेला माणूस काढला. वर्ग हसला, वाचणारा मुलगाही हसला, आणि ‘त्याला पाच पाय आहेत’ हे वाक्य आले तेव्हा सरांनी मोठ्या समाधानाने पाच पाय काढले, पण त्यांवर धड नव्हते, कारण धडाचा उल्लेखच नव्हता. हा खेळ आम्ही आणखी चार मुलांबरोबर केला. त्यानंतर मला कुणाच्याही वहीत ‘भयंकर’ खोडावा लागला नाही. मुले स्वतःच तो शब्द वाचून ‘हा काढता येत नाही’ म्हणू लागली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाकिटांची पहिली खेप गोरेगावला गेली. तीही निम्मी भिजून, कारण गाडीच्या दाराशी उभी असताना माझ्या पिशवीने पाऊस घेतला आणि जेल पेनाची शाई फुटली. अकरा मुलांना वर्णने पुन्हा लिहावी लागली, आणि पुन्हा लिहिताना त्यांनी ती सुधारली, हा फायदाच म्हणायचा. पुढच्या सगळ्या खेपा दुधाच्या पिशवीत घालून, तोंड रबराने बांधून गेल्या.

गणपतीची सुट्टी झाल्यावर दोन्हीकडची चित्रे परत आली. वर्गात दोरी बांधून आम्ही मूळ चित्र आणि आलेले चित्र जोडीजोडीने चिमट्यांनी लावले. आमच्या मुलांनी काढलेली आरेची चित्रेही त्यांच्या मूळ चित्रांशेजारी लावली. तो तास मी शिकवलाच नाही. मुले दोरीखालून फिरत होती आणि काही जण एकेका जोडीसमोर नुसते उभे होते.

सर्वांत आधी गर्दी झाली ती सुपापाशी. आरेच्या एका मुलीने लिहिले होते, ‘त्याचे कान सुपासारखे आहेत. रागावला की तो कान पाखडतो.’ आमच्या मुलाने प्राण्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाटग्या काढल्या होत्या. त्यांत तांबडे टोमॅटो सूप होते आणि वर वाफेच्या तीन-तीन रेषा होत्या. मी त्याला वाफेचे कारण विचारले. “रागावला ना बाई, म्हणून गरम,” असे तो म्हणाला. माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुलांपैकी किती जणांनी घरात सूप पाहिले आहे, असे विचारल्यावर चार हात वर आले. पाखडणे हा शब्द दोघांना माहीत होता, तोही आजीकडून. आमच्या शाळेतील मावशींनी दुसऱ्या दिवशी घरून वेताचे सूप आणले आणि व्हरांड्यात मूठभर तांदूळ पाखडून दाखवले. तांदूळ हवेत उडून पुन्हा सुपात पडतात आणि फोलपट तेवढे पुढे उडून जाते, हे पाहताना ज्या मुलाने वाटग्या काढल्या होत्या तो एकदम म्हणाला, “म्हणजे तो कानांनी खडे वेगळे करतो!” मूळ वर्णनात ते नव्हते. पण असा अर्थ त्यात बसत होता आणि पत्र लिहून विचारल्यावर आरेची मुलगी म्हणाली की हो, तसेच आहे.

दुसरा प्रश्न डाव्या-उजव्याचा होता. आमच्या एका मुलीने ‘डावा पंख मोडलेला’ असे लिहिले होते आणि परत आलेल्या चित्रात उजवा मोडला होता. डावा कुणाचा, बघणाऱ्याचा की प्राण्याचा? यावर वर्ग दोन तट पडून भांडला. एका मुलाला फळ्यापाशी तोंड करून, मग वर्गाकडे तोंड करून उभे केले, तरी निकाल लागेना. शेवटी प्रभादेवीहून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, “सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा आहे. आपण समोर उभे राहिलो की सोंड आपल्या डाव्या हाताला दिसते. तरी सगळे उजवीच म्हणतात.” यापुढे कुणाला बोलण्यासारखे उरले नाही. ‘डावे-उजवे गणपतीप्रमाणे, म्हणजे प्राण्याचे स्वतःचे धरायचे’ असा नियम दोन्ही शाळांच्या फळ्यांवर लागला, आणि मैत्रिणीने मला सांगितले की तिच्या वर्गात तो आता भूगोलाच्या तासालाही उच्चारला जातो.

एका जोडीने मला वेगळ्याच कारणाने थांबवले. आरेच्या पाड्यावर राहणाऱ्या एका वारली मुलाने अगदी थोडे लिहिले होते, ‘अंग दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून. डोके गोल, त्रिकोणाच्या अर्ध्याएवढे. पाय सहा, सगळे काडीसारखे, गुडघा मागे वळलेला. नाक तारप्यासारखे, जमिनीला टेकते.’ तारपा, म्हणजे वारल्यांचे फुंकून वाजवायचे लांब वाद्य, आमच्या मुलांनी पुस्तकातील चित्रात पाहिला होता, म्हणून तो अडला नाही. मूळ चित्र आणि आमच्या मुलाने काढलेले चित्र एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरले तर रेषेवर रेष बसेल इतकी ती सारखी होती. त्याच्या घरी भिंतीवर चित्रे काढली जातात आणि ती त्रिकोण, वर्तुळ व रेष यांतूनच उभी राहतात. त्यामुळे पाहतानाच त्याच्या डोळ्यांनी प्राण्याचे भाग पाडलेले होते, लिहिताना त्याने ते फक्त मोजले. ‘अलंकारिक भाषा वापरा’ अशी सूचना मी गेली बारा वर्षे देत आले आहे. त्या कागदाकडे पाहून ती सूचना मी त्या दिवसापुरती तरी मनात मागे घेतली. मैत्रिणीकडून कळले की त्याच मुलाने आपल्या प्राण्याला ‘वाघोबाचा धाकटा भाऊ’ ठरवले होते आणि तो माणसे खातो असे लिहिण्याचे कुणीतरी सुचवल्यावर साफ नकार दिला होता. वाघोबाला त्याच्या घरचे पुजतात. तो उगीच कुणाला खात नाही, तर त्याचा भाऊ कसा खाईल?

आणि मग गाळशा. ही आमच्या वर्गातील कोळीवाड्यातल्या मुलीची निर्मिती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्या काळात तिने धक्क्याखालच्या चिखलात हा प्राणी ठेवला होता. तिचे वर्णन मी इथे तिच्याच शब्दांत देते.

‘माझ्या प्राण्याचे नाव गाळशा आहे. तो धक्क्याखाली गाळात राहतो. त्याचे अंग बोंबलासारखे मऊ आहे आणि हाताने दाबले तर आत जाते. तोंड अंगापेक्षा मोठे आहे. त्याला हात नाहीत. जाळे ओढायला दोन लांब मिश्या आहेत. गालांच्या मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन लालभडक कल्ले आहेत. तो जाळ्यात आलेले प्लास्टिक खातो. मासे खात नाही.’

मी हे वर्णन पाठवण्याआधी दोनदा वाचले होते आणि मला ते वर्गातील सर्वांत चांगले वाटले होते. परत आलेल्या चित्रात मऊ, फुगीर अंगाचा एक प्राणी होता, त्याला प्रचंड तोंड होते, तोंडावर पिळदार मिश्या होत्या आणि कानांपासून हनुवटीपर्यंत दोन्ही गालांवर केसांचे तीन-तीन लाल पट्टे उतरले होते. जुन्या नाटकातला एखादा सरदार चिखलात बसल्यासारखा तो दिसत होता. खाली काढणाऱ्या मुलाची चिठ्ठी होती, ‘कल्ले लाल कसे असतील असे मला वाटले. पण तू लालभडक लिहिले आहे, म्हणून मेंदी लावली असेल असे समजून काढले.’

ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, “बाई, ह्याने मासाच बघितलेला नाही का?” तिच्या घरी आई आणि आजी दोघी मासळी विकतात. बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून आतला लाल रंग दाखवणे हे तिने चालायला शिकण्याआधी पाहिले असेल. लाल म्हणजे ताजा, काळपट म्हणजे शिळा. हा शब्द समजावून सांगायचा असतो हेच तिला ठाऊक नव्हते, आणि खरे म्हणजे मलाही तो तपासावासा वाटला नव्हता, कारण विज्ञानाच्या पुस्तकात मासे कल्ल्यांनी श्वास घेतात असे चक्क छापलेले आहे. पण त्या मुलाने वाचले ते असे: आधी मिश्या, मग गाल, मग कल्ले. मिश्यांनंतर गालावर जे येतात ते कल्ले त्याच्या काकांना आहेत. त्याने मराठी चुकीची वाचली, असे मला कोणत्याही नियमाने म्हणता येईना. ‘चित्र चुकले तर चूक वर्णनाची’ हा आमचा मूळ नियम होता. तो मी त्या दिवशी फळ्यावरून पुसला आणि त्याच्या जागी दुसरा काहीच लिहिला नाही.

दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी मी तिला सुचवले की ‘कल्ले’च्या ऐवजी ‘श्वास घ्यायच्या फटी’ असे लिही. तिने मान हलवली. “फट म्हणजे काहीपण असतं बाई. कल्ला म्हणजे कल्ला.” तिने शब्द तसाच ठेवला, मिश्यांचे वाक्य तिथून उचलून शेवटी नेले आणि कल्ल्यांच्या वाक्यापुढे ‘बांगड्याला असतात तसे, झाकणाखाली’ एवढे जोडले. मी लिहिले असते त्यापेक्षा ते चांगले झाले. वाक्यांचा क्रम बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे व्याकरणाच्या पाठात मी कधी इतक्या स्वच्छपणे शिकवू शकले नव्हते.

दिवाळीनंतर सरांनी शाडूच्या मातीत प्राणी करून घेतले. त्याचे वर्णन करण्यासारखे फार नाही. माती तडकली, पाच-सहा प्राण्यांची शेपटी गळली, आणि चित्रात सहज उभे राहणारे एकपायी प्राणी मातीत उभे राहिनात तेव्हा त्यांना आणखी एक-दोन पाय द्यावे लागले. ते पाय वर्णनातही वाढवायचे की नाही यावर मुलांनी आपापले निर्णय घेतले. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींमध्ये हे सगळे कोणत्या रकान्यात बसवायचे, याचे उत्तर मला शेवटपर्यंत सापडले नाही. मी ‘वर्णन करतो/करते’ या रकान्यात सगळ्यांना चांगली नोंद दिली आणि पुढे गेले.

फेब्रुवारीत आरेची मुले आमच्याकडे आली. एक दिवसाची सहल म्हणूनच परवानगी मिळाली होती, म्हणून सकाळी त्यांना वरळीचा किल्ला दाखवला आणि मग सगळे कोळीवाड्यातून धक्क्याकडे गेलो. होड्या लागलेल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या. गाळशाची मुलगी मेंदीवाल्या मुलाला शोधत होती. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच निघाला आणि एकही शब्द न बोलता मागे हात बांधून उभा राहिला. तिने आजीच्या पाटीतून एक बांगडा उचलला, अंगठ्याने गालावरचे झाकण वर केले आणि मासा त्याच्यासमोर धरला. “हे कल्ले,” ती म्हणाली.

तो खाली वाकला. खिशातून पेन्सिल काढून तिच्या टोकाने त्याने आतल्या लाल झालरी हलक्या हाताने एकेक करून बाजूला केल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या, आणि सरळ उभा राहून तिला म्हणाला, “चार आहेत. तू तीन लिहिलेस.”

तिने माशाकडे पाहिले, झाकण बंद केले आणि मासा आजीच्या पाटीत परत ठेवला.

“ते बांगड्याला,” ती म्हणाली. “गाळशाला तीनच असतात.”